झोपलेल्या लेकराला हाक मारायची नाही

लेकरांनो,

मागच्या रविवारी तुम्ही फोनच्या पडद्यावर आलात तेव्हा इथे संध्याकाळ होती आणि तुमच्याकडे सकाळ. धाकटी दुधात बुडवून काहीतरी खात होती. मोठा तिच्या मागे सोफ्यावर आडवा पडला होता, आणि पंधरा वर्षांच्या मुलाचे डोळे असू नयेत तसे त्याचे डोळे दिसत होते. "ताप आहे का रे?" मी विचारलं. तुमची आई मागून म्हणाली, "ताप नाही हो, झोपच नाही. रात्र रात्र जागा असतो. आता डॉक्टरला दाखवणार आहोत." मग मोठ्यानेच मान वर करून मला विचारलं, "आजी, ताईला पण असंच झालं होतं ना? सगळे म्हणतात तू तिला झोपवलंस आणि तिची सीट गेली."

तुमचे बाबा घाईघाईने म्हणाले, "अरे, मी तसं म्हणालो नव्हतो." म्हणाले असणारच. घरातले सगळेच म्हणतात. मला वगळून काढलेला एक ग्रुप आहे, तिथे म्हणतात. मला त्या ग्रुपची माहिती आहे हे त्यांना माहीत नाही, आता कळेल.

फोनवर मी उत्तर दिलं नाही. फोनवर चौघं एकदम बोलतात आणि मध्येच कोणाचं तरी चित्र गोठतं. म्हणून हे लिहिते आहे. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीतच लिहिणार. इंग्रजीत लिहिलं की माझं लिहिणं अर्जासारखं होतं, आणि याबाबतीत मला कोणाकडे अर्ज करायचा नाही. तुम्हाला अडलं तर बाबांकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यांनाही ऐकू दे.

आधीच सांगून टाकते. होय, तुमच्या ताईला मी झोपवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा झोपवीन.

आता पहिल्यापासून.

माझी आई, म्हणजे तुमची पणजी, वसमतच्या आसपास दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायची. हळदीचा हंगाम आला की कामाला दिवस-रात्र असा भेद राहायचा नाही. ओली हळद मोठ्या कढयांत शिजवायची, बाहेर काढून उन्हात पसरायची, तोवर पुढची कढई तयार. जाळ विझू द्यायचा नाही म्हणून बायकांना तिथेच ठेवून घेत. आम्ही पोरं पोत्यांवर झोपायचो आणि आई बसल्या बसल्या डुलकी काढायची. तिची मान कलली की कोणीतरी ओरडायचं. माझ्या लहानपणी मी आईला पाय पसरून झोपलेली पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी शिकले, शाळेत लागले आणि वसमतमध्ये एक खोली भाड्याने घेतली. पहिल्या रविवारी आई आली. माझ्या पगारातून आणलेली भांडी, टेबल, घड्याळ यातलं काही तिने पाहिलं नाही. तिने दार पाहिलं. म्हणाली, "आतून कडी हाय का?"

"आहे."

"बराबर लागती?"

मी लावून दाखवली. आई तिथेच सतरंजीवर आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. नव्या बाईंची आई आली म्हणून शेजारच्या बाया भेटायला आल्या, त्यांना मी बाहेर पायरीवर बसवून चहा दिला. उठल्यावर आईने सतरंजीची घडी केली. मग विचारलं, "कुणीच आवाज दिला न्हाई?"

"नाही."

"मंग या घरात असंच राहू दे. झोपल्या लेकराला आवाज द्यायचा न्हाई. कलेक्टर आला तरी न्हाई."

पुढच्या खेपेला तिने जुन्या लुगड्यांची एक लहानशी वाकळ शिवून आणली. अंगावर घ्यायला ती पुरत नाही. ती दाराबाहेर खिळ्याला टांगायची. वाकळ टांगली म्हणजे आत कोणीतरी झोपलं आहे, कडी वाजवायची नाही. दूधवाला, पोस्टमन, वर्गणीवाले, सगळ्यांना हळूहळू कळलं. पुढे मी हे घर बांधलं तेव्हा गवंड्याकडून दाराबाहेर पहिला खिळा वाकळीसाठी ठोकून घेतला. तुमचे बाबा बारावीच्या वर्षी रोज दुपारी त्या वाकळीमागे घोरत असत. ते मात्र त्या ग्रुपवर कोणी लिहिलेलं नाही.

आता ताईकडे येते. ताई म्हणजे तुमच्या आत्याची मुलगी, हे धाकटीसाठी लिहिते. आत्या आणि तिचे यजमान शिरड शहापूरला राहतात. थोडी हळद, थोडं सोयाबीन, आणि आत्याची अंगणवाडी. दहावीची परीक्षा देऊन ताई सुट्टीत माझ्याकडे आली होती आणि एप्रिलमध्ये जयंती होती. आपल्या घरात जयंती म्हटलं की कोणाची हे सांगावं लागत नाही. इथल्या विहारात जयंतीच्या आठवड्यात सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम असतो. पहाटे वंदना करून मुलं-मुली पुस्तकं घेऊन ओळीने बसतात आणि मध्यरात्रीपर्यंत वाचतात. आमच्यासाठी ज्यांनी झोप बाजूला ठेवली, त्यांना वाहिलेली ही आमची फुलं. वर्षातून एकदा. मला तो कार्यक्रम आवडतो. बहुतेक वर्षी पहिला दिवा मीच लावते.

त्या वर्षी ताई बसली. सोळा वर्षांची, सगळ्यांत लहान, आणि मध्यरात्रीपर्यंत जागेवरून हलली नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. तिथवर काहीच बिघडलं नव्हतं.

बिघडलं दुसऱ्या दिवशी. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. ताईचा शाळेच्या निरोपसमारंभातला फोटो कापून घेतलेला, डोक्यामागे सूर्याचे किरण, आणि खाली "सलग अठरा तास अभ्यास करणारी आपल्या वस्तीची कन्या". त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यातले काही स्वतः कधी अठरा मिनिटंही पुस्तक घेऊन बसले नसतील. जावई शिरडहून फक्त तो बघायला आले. त्याच्याखाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मला म्हणाले, "मामी, आता ही डॉक्टर झाली समजा." आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात.

जूनपासून ताई अकरावीसाठी माझ्याकडेच राहायला आली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास होता, तो उजाडायच्या आत सुरू व्हायचा. संध्याकाळी पुन्हा क्लास. येता-जाता ती स्वतःच्याच फोटोखालून जायची. पावसाने फ्लेक्स धुतला, उन्हाने विटला, पण कोणी काढला नाही. कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "काय डॉक्टरीणबाई, काल किती तास?" तो मस्करीत विचारायचा. ती मस्करीत ऐकत नव्हती.

क्लासच्या मुलांचा एक ग्रुप होता. रात्री अभ्यास करताना भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढून तिथे टाकायचा. ज्याचा फोटो शेवटचा, तो जिंकला. आमच्या घड्याळाचा फोटो बहुधा शेवटचा असे. मी झोपायला सांगितलं की ती म्हणे, "पाच मिनिटं, आजी." सकाळी तिच्या टेबलावर चहाचे तीन कप असत, आणि मी चहाची पत्ती कपाटात ठेवायला लागले तर ती कॉफीच्या पुड्या आणू लागली. पुढे कारखाना सुरू झाला. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून रस्त्याने जायचे. तोवर तिला झोपायचं म्हटलं तरी झोप येईनाशी झाली होती. छताकडे बघत पडलेली असायची. दिवसा मीठ जास्त पडलं म्हणून रडायची. तोंडपाठ असलेली गोष्ट विसरायची आणि ती विसरली म्हणून आणखी उशिरापर्यंत बसायची.

ज्याला त्याला एकच उत्तर ठाऊक होतं. मोबाइल. मीही मोबाइल घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला, तुमची आजी काय करणार हे तुम्हाला माहीत आहे. चार-आठ दिवस बघितलं. फोन कपाटात होता आणि पोरगी तरीही जागी होती. फोनने तिला जागं ठेवलं हे खरं, पण एकट्या फोनने नाही. फोन कपाटात ठेवता येतो. कोपऱ्यावरचा फ्लेक्स कोणत्या कपाटात ठेवायचा?

एका दुपारी ती जेवताना ताटावरच पेंगली. मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि बाहेर वाकळ टांगायला गेले. ती मागून धावत आली आणि वाकळ खिळ्यावरून ओढून काढली.

"आजी, ही टांगू नको."

"का गं?"

"लोकं बघतात. म्हणतील फ्लेक्सवाली दिवसाढवळ्या झोपली."

मी तिच्या हातातून वाकळ घेतली आणि घडी करून ठेवली. पण माझ्या आईची वाकळ माझ्याच नातीला लाजेची वाटावी, हे मला फार लागलं. अजूनही लागतं.

थंडीच्या दिवसांत एका शनिवारी ती घरी जायला निघाली. वसमतहून हिंगोलीची एसटी शिरड शहापूरवरून जाते. मी तिला खिडकीशी जागा मिळवून दिली आणि घरी आले. गाडी शिरडला पोचायची वेळ होऊन गेली आणि आत्याचा फोन आला.

"आई, तू तिला गाडीत बसवलं ना?"

"बसवलं."

"गाडी आली, थांबली, गेली. ही उतरलीच न्हाई. फोनबी लागंना."

तिचा फोन माझ्या कपाटात होता. त्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी तुम्हाला लिहीत नाही. मी दाराशी खुर्ची टाकून बसले आणि जी कोणी गल्लीतून येईल तिच्याकडे बघत राहिले. शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला. हिंगोलीच्या बसस्टँडवरून कंडक्टर बोलत होता. ताईच्या ओळखपत्रावर माझा नंबर होता.

"मावशी, तुमची पोरगी हितं हाय. घाबरू नका. सगळी गाडी रिकामी झाली तरी ही उठंना. हलवून हलवून थकलो. आमाला वाटलं चक्करच आली का काय. निस्ती झोपली होती!"

"आता काय करायली?"

"रडायली. चहा पाजलाय. रात्री जागरण-गोंधळ होता का काय घरी?"

आत्या हिंगोलीला गेली आणि तिला घेऊन आली. सोमवारी आम्ही तिला वसमतमधल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. जावईही आले होते. बाईंनी रक्त तपासलं, आणि मग कितीतरी वेळ नुसते प्रश्न विचारले. किती वाजता झोपतेस, काय पितेस, ऊन अंगावर कधी घेतेस, शेवटचं कधी खेळलीस. खेळण्याचा प्रश्न आला तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर मला ठाऊक असेल. बाई म्हणाल्या, या वयाच्या शरीराला आठ-नऊ तास झोप लागते. अर्धी देऊन भागत नाही. रोज एकाच वेळी झोपायचं, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही, फोन दुसऱ्या खोलीत, सकाळी उजेडात चालणं, आणि रोज थोडं अंग हलवणं.

जावयांनी विचारलं, "गोळी न्हाई का?"

"नाही. गोळीची गरज नाही."

बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "मंग फी काहून घेतली?"

घरी येऊन जावई आणि मी समोरासमोर बसलो. मी म्हटलं, पहाटेचा क्लास बंद. संध्याकाळचा पुरे. रात्री दहाला दिवा बंद. जावई चिडले नाहीत, त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाले, "मामी, आमी कुठं झोपतो? शेतातली लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. रातची असली की मोटर चालू करायला उठावंच लागतं. एवढी वर्सं झाली, मेलो का आमी?"

"मेला नाहीत. पण झोप नसली तरी चालतं हे कोणाला पटवायचं असेल तर स्वतःला दाखवू नका."

ते हसले. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर जावई खुर्चीतच झोपले होते, तोंड उघडं, चपला पायात. मी चहा झाकून ठेवला आणि दाराबाहेर वाकळ टांगली.

पण उठल्यावर त्यांनी अट घातलीच. "तुमचं एप्रिलपर्यंत चालू द्या. जयंतीला ही अठरा तास बसली तर इथं राहील. न्हाई बसली तर मी हिला लातूरला होस्टेलात टाकतो. तिथं पोरं कशी जागतात बघा." हे ते ताईसमोर म्हणाले. ताईचा चेहरा मी पाहिला. होस्टेलमध्ये गेलेल्या दोन मुलींच्या गोष्टी तिला ठाऊक होत्या, आणि मलाही.

मग ते काही महिने. मी शिस्तीची बाई आहे, याबद्दल तुमचे बाबा तुम्हाला काय काय सांगतात ते मला माहीत आहे. या खेपेला शिस्त कामाला आली. जेवण अंधार पडताच. फोन माझ्या खोलीत, माझ्या चष्म्याशेजारी. रस्त्याकडची खोली मी घेतली आणि मागची तिला दिली, ट्रॅक्टरची गाणी माझ्या वाट्याला आली. त्यातली दोन मला आता पाठ आहेत. सकाळी आम्ही दोघी कालव्याच्या बाजूने चालायला जायचो. सुरुवातीला दहाला दिवा मालवून ती नुसती पडून राहायची आणि रागाने मला सांगायची, "येत नाही झोप, आजी. उगाच वेळ चाललाय." मी म्हणायची, "पड. काही करू नको." कधीतरी फेब्रुवारीत एका सकाळी ती माझ्या हाकेशिवाय उठली आणि म्हणाली, "आजी, काल ट्रॅक्टर आले नाहीत का?" आले होते. सगळेच्या सगळे.

वाकळ मात्र तिने स्वतःसाठी अजून टांगू दिली नव्हती.

जयंती आली. पहाटे ती विहारात बसली. होस्टेलची भीती होती, आणि ज्यांची जयंती त्यांच्याबद्दलचं प्रेमही होतं, ते मी नाकारत नाही. जावई सकाळच्या गाडीने आले आणि भिंतीला टेकून बसले. दिवस ठीक गेला. रात्रीची जेवणं झाली आणि तिची मान कलायला लागली. तिच्या ओळीतली आणखी तीन पोरंही डुलत होती. जयंती मंडळाचा अध्यक्ष, माझाच जुना विद्यार्थी, ओळीतून फिरून एकेकाला जागं करत होता. पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि ताईच्या डोळ्यांवर शिंतोडे मारले. एका पोराने मोबाइलवर त्याचं शूटिंग सुरू केलं.

तिची मान कलली की कोणीतरी ओरडत होतं. मी ते आधी पाहिलेलं होतं. हळदीच्या कढईपाशी.

मी उठले. त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि खाली ठेवला. मी काही बोलायच्या आत ताईच उभी राहिली. आवाज लहान होता, पण हॉलमध्ये सगळे गप्प वाचत होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला.

"मला घरी जायचंय. मला झोपायचंय."

जावई म्हणाले, "अगं, थोडंच राहिलं. बस."

"न्हाई, बाबा. होस्टेलला टाकायचं तर टाका. मी आता झोपणार."

अध्यक्ष बिचारा गोंधळला. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमीच तं आमाला शिकवून शिकवून जागं केलं. आन आता तुमीच झोपा म्हणता?"

कोणीतरी हसलं. आणखी कोणी म्हणालं, "फ्लेक्स काढा मंग!"

"काढाच," मी म्हटलं. "मी कधीची सांगणार होते. आणि तू ऐक. माझ्या आईला झोपू दिलं नाही ते लोक दुसरे होते. काम त्यांचं होतं, हळद त्यांची होती. आपल्या लेकरांच्या डोळ्यांवर आपणच पाणी मारायला लागलो तर त्यांच्यात आणि आपल्यात काय फरक राहिला? जे रात्र रात्र जागले ते आपल्याला झोपायला दार मिळावं म्हणून जागले. मी शिकले, कडी असलेली खोली घेतली, आणि त्या खोलीत माझी आई आयुष्यात पहिल्यांदा पाय पसरून झोपली. माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग तो झाला. मला त्याची लाज वाटत नाही."

"पण बाई, तास तुटतील. जागा रिकामी राहील."

"राहणार नाही. मी बसते."

आता लोक खरंच हसले. मला खाली बसता येत नाही, म्हणून कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ओळीत ताईच्या जागी ठेवली. मी तिचंच जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं. "माझ्या वयाला तशीही झोप येत नाही," मी म्हटलं. "जागायचंच असेल तर म्हाताऱ्यांनी जागावं. आपल्याकडे म्हातारे काय कमी आहेत?"

ताई गेली. तिच्या मागून ती तीन डुलणारी पोरंही एकेक करून उठली आणि गेली. थोड्या वेळाने निवृत्त तलाठी येऊन एका रिकाम्या जागेवर बसले. मग आमच्या गल्लीतली एक आजी आली. तिला वाचता येत नाही, पण तिने पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "बाई, तुमी वाचा, मी ऐकते." मध्यरात्रीपर्यंत मी तिला बेडकाची पचनसंस्था वाचून दाखवली. ती मध्ये मध्ये म्हणायची, "आगं माय, एवढुशा बेडकाला एवढं?" तास तुटले नाहीत.

जावई भिंतीला टेकून केव्हाच झोपले होते. त्यांच्यावर कोणी पाणी मारलं नाही.

मी घरी आले तेव्हा दाराबाहेर वाकळ टांगलेली होती. तिने स्वतः टांगली होती.

सकाळी जावई विहारातून आले. पोरीची बॅग भरायला सांगणार, लातूरला फोन लावणार, असं मी धरून चालले होते, आणि मी भांडणाची पूर्ण तयारी केली होती. मी खिडकीतून पाहत होते. ते पायरीवर चढले, कडीला हात लावणार तोच वाकळ दिसली. हात तसाच राहिला. मग मागे फिरले, चपला हातात घेतल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत अनवाणी गेले. तिथे चपला घातल्या आणि स्टँडकडे गेले. होस्टेलचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तर ही हकीकत. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बारावीला बरे मार्क पडले आणि मेडिकलची सीट मिळाली नाही. सीट मिळालेल्यांत रात्री वेळेवर झोपणारी पोरं होती, आणि न मिळालेल्यांत रात्रभर जागणारी कितीतरी होती. ते कोणी ग्रुपवर टाकत नाही. मिळाली नाही ते आजीमुळे, हे म्हणणं सोपं आहे. म्हणू द्या. मी त्याची माफी मागणार नाही. ताई बीएस्सीला आहे. पुन्हा परीक्षा द्यायची की नाही हे ती ठरवेल, आणि झोप काढून ठरवेल.

मोठ्या, तुला मी काही शिकवत नाही. तुझ्या डॉक्टरांचं ऐक. आईबाबा तुला आळशी म्हणत असतील तर हे कागद त्यांच्यासमोर ठेव. तुला कोणी फ्लेक्सवर लावलेलं नाही, पण तुमच्याकडेही काहीतरी असेल ज्याच्याखालून तू रोज जातोस. ते काय आहे हे आधी शोध. तुझ्या खोलीला दार आहे, मी फोनवर पाहिलं आहे. त्याला बाहेरून खिळा आहे का ते मला कळव. नसला तर ठोकून घे. बाबांना ठोकता येतो, मी शिकवलं आहे.

विहारातले अठरा तास अजून होतात. रात्रीच्या जेवणानंतर मुलं घरी जातात आणि पुढचे तास आम्ही म्हातारे वाचतो. फ्लेक्स गेला. माझ्या आईने शिवलेली वाकळ आहे. एका कोपऱ्याला टाके सुटले होते, ते ताईने घातले. आत्ता दुपार आहे, वाकळ दाराबाहेर टांगलेली आहे, आणि ताई आत झोपली आहे.